त्यांना जीप हवी आहे



मियापूरकडच्या एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. ग्रुपवर टाकला नाही, मला वेगळा मेसेज केला. त्यांना विचारूनच इथे लिहितोय, नाव देत नाही. घरोघरी वेगवेगळ्या रूपात हाच प्रश्न चालू असतो, म्हणून सगळ्यांसमोर ठेवतो.

घरात सात माणसांची गाडी आहे. आठ वर्षं झाली, काही तक्रार नाही. गाणगापूर, अक्कलकोट, बासर, सगळं तिनेच घडवलं. आपल्या सत्संगातल्या दोन-तीन आजी-आजोबांनाही तिनेच नेलं-आणलं. यजमानांचं वय ५३. आता त्यांच्या मनाने घेतलंय की ही गाडी देऊन टाकायची आणि थार घ्यायची. तीसुद्धा दोन दारांची, उंच चाकांची. ताई लिहितात, "या वयात ही कसली हौस? काय गरज आहे? आपण गुरुमार्गातली माणसं ना? तुम्ही जरा समजावा त्यांना."

समजावण्याचा अधिकार मला नाही. विचार मात्र केला, तो सांगतो.

"काय गरज आहे?" हा प्रश्न ऐकायला विवेकाचा वाटतो. पण आपल्याच घरात उभं राहून भोवती बघा. शोकेसमधला काचेचा ताजमहाल, वर्षातून दोनदा निघणारी पैठणी, तीन-तीन टीव्ही, लाड बाजारातून आणलेल्या आणि कपाटातच राहिलेल्या बांगड्या. गरजेची चाळणी लावली तर अर्धं घर खाली पडेल. गंमत अशी की ही चाळणी आपण सहसा दुसऱ्याच्या वस्तूला लावतो. आपली ती गरज, दुसऱ्याची ती हौस. मॉड्युलर किचन करताना कुणी उपनिषद काढत नाही.

ताईंनी गुरुमार्गाचं नाव काढलं आहे, तर कठोपनिषदाकडेच जाऊ. नचिकेताची गोष्ट म्हटली की आपल्याला काय आठवतं? यमाने त्याला रथ दिले, संपत्ती दिली, दीर्घायुष्य देऊ केलं आणि त्या पोराने सगळं नाकारलं. प्रवचनात एवढाच भाग रंगतो. आणि तो ऐकून घरी आलं की आपण यजमानांना म्हणतो, बघा, एवढ्याशा मुलाने रथ नाकारले, आणि तुम्ही!

पण गोष्ट तिथे सुरू होत नाही. ती सुरू होते गायींपासून. नचिकेताचे वडील सर्वस्व दान करणारा यज्ञ करत होते. दानात देत काय होते, तर म्हाताऱ्या, आटलेल्या, ज्यांचा आता कुणालाच उपयोग नाही अशा गायी. नियमाने बघितलं तर दान होतच होतं. मोजायला बसलं तर आकडाही मोठा दिसला असता. पोराला ते टोचलं. जे आपल्याला नकोच आहे ते देऊन टाकण्यात कसलं आलंय दान, एवढंच त्याला कळलं होतं, आणि यमाच्या दारापर्यंतचा सगळा प्रवास त्या टोचणीतून निघाला.

आता ताईंची परिस्थिती बघा. त्या गाडी चालवत नाहीत. लिहितात की गाडीत बसल्या की झहीराबाद येईपर्यंत त्यांचा डोळा लागतो. गाडी उंच की बुटकी, इंजिनचा आवाज कसा, वळणावर ती कशी झुकते, यातलं काहीच त्यांच्या मनाला शिवत नाही. अशा माणसाने "आपण थार सोडू या" म्हणणं ही कोणती गाय झाली? कडू वाटेल, पण दुसऱ्याच्या आवडीचा त्याग आपल्या खात्यावर लिहिता येत नाही. नचिकेताने रथ नाकारले ते त्याला देऊ केलेले रथ होते. शेजाऱ्याचे नव्हते, बापाचेही नव्हते. बापाचा राग शांत होऊन त्याने आपल्याला पूर्वीसारखं जवळ घ्यावं, हे तर त्याने पहिल्याच वरात मागून घेतलं. घरातल्या माणसाच्या मनाची शांती आधी, वैराग्याची परीक्षा नंतर, असा क्रम आहे तो. प्रवचनात याच्यावर फारसं कुणी थांबत नाही.

याज्ञवल्क्यांचंही तसंच. घर सोडून निघताना त्यांनी दोन्ही बायकांत वाटणी करायची म्हटली. मैत्रेयीने विचारलं की या धनाने अमृतत्व मिळेल का. नाही म्हटल्यावर तिने ते नको म्हटलं. आपण मैत्रेयीच्या नावाने मुलींची नावं ठेवतो आणि ते योग्यच आहे. पण कात्यायनीला कुणी दटावलं का? तू पण मैत्रेयीसारखी हो, असं याज्ञवल्क्य तिला म्हणाले नाहीत. मैत्रेयीनेही नवऱ्याला सांगितलं नाही की कात्यायनीचा वाटासुद्धा काढून घ्या, तिला कशाला हवाय. आपल्या वाट्याचं बोलली आणि थांबली.

इथपर्यंत वाचून यजमान मंडळी खूश झाली असतील. थांबा.

ताईंच्या मेसेजच्या शेवटी एक ओळ होती, जाता जाता लिहिलेली. त्यांना लग्नानंतर सतार शिकायची होती. सुलतान बाजाराजवळ क्लास होता, फी फार नव्हती. घरात म्हटलं गेलं, "काय गरज आहे, पुढच्या वर्षी बघू." मग मुलं झाली, फ्लॅटचे हप्ते आले, सासरे आजारी पडले. पुढचं वर्ष काही आलं नाही. आज त्याच घरात त्याच माणसाच्या हौशीसाठी लाखांची सोय होते आहे.

मला वाटतं खरा प्रश्न या ओळीत आहे, गाडी निमित्त. "काय गरज आहे" हे वाक्य ताईंनी स्वतः तयार केलेलं नाही, ते त्यांना दिलं गेलं होतं. पंचवीस वर्षं जपून ठेवलेलं नाणं त्या आज परत करताहेत. असं नाणं परत करताना त्यावर अध्यात्माचं कागद गुंडाळलं की ते वैराग्य दिसतं. आत हिशेब असतो. हिशेब चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण मग तो हिशेब म्हणूनच समोर ठेवावा: तुमची जीप येतेय, माझी सतार कुठे गेली? हे भांडण झालं तरी खरं भांडण होईल.

आता यजमानांकडे येतो. ताई लिहितात की ते कारणं देतात. २०२० च्या ऑक्टोबरात हैदराबाद बुडालं होतं, तेव्हा उंच गाडी असती तर बरं झालं असतं. गावाकडचा रस्ता खराब आहे. जुन्या गाडीला पुढे भाव मिळणार नाही. साहेब, यातलं शेवटचं कारण थोडं खरं आहे, बाकीची सजावट आहे. तुम्ही रोज मियापूरहून गच्चीबोवलीला जाता, मध्ये कुठे नदी लागत नाही. हौसेला गरजेचे कपडे घातले की घरात पहिलं खोटं शिरतं, आणि समोरच्या माणसाला ते लगेच दिसतं. "मला ती आवडते, ती चालवताना मला बरं वाटतं" एवढं म्हणायला ५३ वर्षांच्या माणसाला लाज का वाटावी? चार पुरुषार्थांत काम मोजलेला आहे, चोरून आत घुसलेला नाही. धर्माच्या मर्यादेत राहावं एवढंच त्याला सांगितलंय. कठोपनिषदातच पुढे शरीराला रथ म्हटलंय, इंद्रियांना घोडे. घोडे सोडून द्या असं तिथेही नाही. लगाम मनाचा आणि सारथी बुद्धी असावी, इतकंच.

(जीपचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. १९४५ साली ही कंपनी निघाली ती महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने. त्यातले गुलाम मोहम्मद निजाम सरकारचं अर्थखातं सांभाळून गेलेले. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनीच्या नावात दुसरा महिंद्रा आला. म्हणजे जीपचा आपल्या हैदराबादशी धागा आहे. यजमानांना वादात वापरायला देतोय, पण हे काही गाडी घेण्याचं कारण नव्हे.)

हौस पुढे ढकलण्याबद्दलही आपल्याच गावात एक गाडी उभी आहे. चौमहल्ला पॅलेसला गेलात तर ती पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट बघून या. सहावे निजाम महबूब अली पाशा यांनी ती मागवली होती. मागे सिंहासनासारखी बसायची जागा. गाडी पोचण्याआधीच, २९ ऑगस्ट १९११ ला, ते वारले. वय पंचेचाळीस. त्यानंतर गादीवर आले उस्मान अली खान. जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून १९३७ साली टाइम मासिकाने त्यांचा फोटो मुखपृष्ठावर छापला, आणि स्वतःवर खर्च करण्यात मात्र हात अतिशय आखडता. ती गाडी फारच थोडे मैल चालली आणि वर्षानुवर्षं नुसती पडून राहिली. बापाला ती लाभली नाही, मुलाला तिच्यात रस नव्हता. यावरून "आत्ताच घ्या, उद्याचं कुणी पाहिलंय" असं मी म्हणणार नाही. ते जाहिरातवाले म्हणतात. मी एवढंच बघतो की उस्मान अलींचा साधेपणा पटो न पटो, तो त्यांच्या स्वतःच्या कपड्यांत, स्वतःच्या ताटात दिसत होता. ज्याला काटकसर पाळायची आहे त्याने ती स्वतःपासून सुरू करावी, तेवढं तिथे दिसतं.

मग मर्यादा कुठे? माझ्या मते जिथे एकाच्या हौशीचं भाडं दुसरा भरतो, तिथे. या घरात तसं माणूस आहे. यजमानांच्या आई, ७८ वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेले. दोन दारांच्या थारमध्ये मागे बसायचं तर पुढची सीट सरकवून, वाकून, उंच पायरी चढून आत जावं लागतं. तरण्या मुलांना त्यात मजा वाटते. आजींना निम्सला तपासणीला नेताना दर वेळी काय होईल ते डोळ्यांसमोर आणावं. आणि त्या काही बोलणार नाहीत. "मला कुठे जायचंय आता" म्हणतील. ते वाक्य संमती म्हणून धरू नये, ही माझी यजमानांना हात जोडून विनंती आहे. पाच दारांची थारही २०२४ पासून मिळते. तिच्यात ती मजा नाही असं त्यांचं म्हणणं असेल तर असू दे, पण उंची आणि दार आजींना बरोबर नेऊन दाखवा. शोरूममध्ये चढून-उतरून बघू दे त्यांना. दोनदा.

पैशाचं मी कमी बोलतो, कारण ते प्रत्येक घराचं वेगळं. जुनी गाडी विकून येणारे किती, वर कर्ज किती, आपल्याकडे लाइफ टॅक्स रजिस्ट्रेशनलाच एकदम भरावा लागतो तो किती, हे एका कागदावर दोघांनी मिळून लिहावं. त्याच कागदावर सतारीची ओळही यावी. वाद्य आणि वर्षभराची फी धरली तरी गाडीच्या विम्याशेजारी ती ओळ लहानच दिसेल, आणि ते दोघांनीही बघितलेलं बरं.

आणि एक सोपं सुचतं. अशा गाड्या आता भाड्याने मिळतात. एक शनिवार-रविवार घ्या, विकाराबादच्या अनंतगिरीच्या घाटापर्यंत जाऊन या. ताईंनी पुढे बसावं आणि झोपू नये. यजमान गाडी चालवताना कसे दिसतात ते त्यांनी बऱ्याच वर्षांत बघितलेलं नसेल. जाताना त्यांनी गाडीबद्दल बोलावं, येताना ताईंनी सतारीबद्दल. शहरात परत येईपर्यंत बोलणं संपलं नाही तर आउटर रिंग रोडवर एक फेरी जास्त मारा, १५८ किलोमीटर आहे.

जय गुरुदेव.