अडलेलें कुलूप

अडलेल्या वस्तूशीं बळानें वागावें कीं धीरानें, हा प्रश्न तात्त्विक खरा. परंतु आमच्यापुढें तो गागोदे बुद्रुक येथें एका जुन्या मोटारीच्या रूपानें उभा राहिला. दोन पावसाळे ती गाडी एका छपराखालीं उभी होती. पुढचीं चाकें एका बाजूस वळलेलीं, आणि स्टिअरिंगचें कुलूप असें धरलेलें कीं किल्ली आंत जाई, पण तसूभरही फिरेना.

आम्हीं जोर लावला. फिरेना तेव्हां अधिक जोर लावला. किल्लीस पीळ पडूं लागला, तेव्हां गांवांतील एका वृद्ध मिस्त्रींनीं ती आमच्या हातून काढून घेतली. “साहेब, कुलपाशीं भांडूं नका, त्याच्यावरचा भार उतरवा,” ते म्हणाले.

त्यांच्या म्हणण्यांत शास्त्र होतें. या कुलपाची पोलादी खीळ स्टिअरिंगच्या दांड्यावरील खांचेंत बसते. वळलेलीं चाकें सरळ होऊं पाहतात, आणि तो ताण खिळीवर येतो. खीळ हट्टी नसते. ती चेपलेली असते. येथें भरीला कोकणच्या दमट हवेचा गंज आणि वाळलेलें वंगण होतें. मिस्त्रींनीं जॅक लावून पुढचीं चाकें उचललीं, कुलपांत पातळ तेल सोडलें व तें रात्रभर मुरूं दिलें. सकाळीं एका हातानें स्टिअरिंग हळूहळू डोलवीत दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनीं त्यांनीं किल्ली फिरविली.

याच गागोद्यास ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनोबा भावे जन्मले. सत्याग्रहाची पायरी सौम्य, सौम्यतर, सौम्यतम अशी असावी, असें ते सांगत. सौम्य उपाय फळला नाहीं म्हणजे आपण कठोर होतों. विनोबा अधिक सौम्य व्हावयास सांगत. पुष्कळांस हा दुबळेपणा वाटला. आम्हांसही तो विचार पुरता पटला नव्हता. त्या सकाळीं मात्र एवढें उमगलें कीं, अडण्याचें मूळ पुष्कळदां ताणांत असतें, आणि आपला जोर त्यांत भरच घालतो. ज्या घरांत मुलगा बापाशीं बोलेनासा झाला आहे, त्या घरास हें निराळें सांगावयास नको.

तथापि गोष्ट येथें संपत नाहीं. मोकळें झालेलें तें कुलूप मिस्त्रींनीं काढूनच टाकलें. झिजलेली खीळ धांवत्या गाडींत पुन्हां बसली तर प्राणांवर बेतेल, असें ते म्हणाले. म्हणजे सौम्यता दोषास अभय देत नाहीं. दोष दूर करतांना बाकीचें मोडूं नये, एवढीच तिची काळजी.

एक शंका मात्र उरते. तेल मुरेपर्यंत वाट पाहावयास आमची एक रात्र गेली, आणि तीही सुखाची. ज्यांच्यावर अन्यायाचा भार आहे त्यांच्या पिढ्या जातात. त्यांना धीराचा उपदेश करणें आम्हांस शोभत नाहीं. धीर ज्यानें त्यानें स्वतःपाशीं मागावा. दुसऱ्याच्या बाबतींत आपलें काम आधीं भार उतरविण्याचें.