थिंग, डिंग आणि आपली गोष्ट

इंग्रजीत एखाद्या वस्तूचे नाव ऐनवेळी आठवले नाही, की 'थिंग' म्हणून वेळ मारून नेतात. आपण 'ते हे' म्हणतो, तसेच. सुईपासून आभाळापर्यंत काहीही त्या शब्दात मावते, म्हणून तो पोकळ वाटतो. पण एके काळी हाच शब्द माणसांनी गच्च भरलेला होता. थिंग म्हणजे सभा. सातव्या शतकातल्या केंटच्या कायद्यांतही तो याच अर्थाने येतो.

आइसलँडमध्ये तो अर्थ अजून जिवंत आहे. तिथल्या संसदेचे नाव अल्थिंग, म्हणजे सगळ्यांची सभा. ती इ. स. 930 च्या सुमारास थिंगवेल्लिर या माळावर भरू लागली. एका बाजूला काळ्या कातळाची लांबच लांब भेग, खाली ओक्सारा नदी, आणि मध्ये 'कायद्याचा खडक'. दर उन्हाळ्यात देशभरातून लोक घोड्यांवरून यायचे. कायदा तेव्हा लिहिलेला नव्हता. तो एका माणसाला तोंडपाठ असे आणि सभेला दरवर्षी एक तृतीयांश असा तो तीन वर्षांत पुरा ऐकवणे हे त्याचे काम. कायदा म्हणजे चारचौघांत मोठ्याने बोललेली आणि चारचौघांनी ऐकलेली बाब. मला यातले 'ऐकलेली' फार महत्त्वाचे वाटते.

इ. स. 1000 च्या सुमारास याच माळावर ख्रिस्ती आणि जुन्या देवांना मानणारे समोरासमोर आले, देश दुभंगायची वेळ आली. निवाडा थोरगेइर या कायदा सांगणाऱ्यावर सोपवला गेला. तो स्वतः जुन्या धर्माचा. तो आपल्या झोपडीत अंगावर पांघरूण ओढून दिवस-रात्र पडून राहिला, कोणाशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी खडकाकडे जाऊन त्याने सांगितले की सगळ्यांचा कायदा एकच राहील, सगळे बाप्तिस्मा घेतील. मात्र घोड्याचे मांस खाण्याची जुनी रीत चालू राहील आणि लपून नैवेद्य दाखवणाऱ्यालाही शिक्षा होणार नाही. त्याचा हा निवाडा दोन्ही बाजूंनी मानला.

हा शब्द आइसलँडबाहेरही टिकला आहे. नॉर्वेची संसद स्टोर्टिंग, डेन्मार्कची फोल्केटिंग, फेरो बेटांची लोग्टिंग. डच भाषेत 'गेडिंग' म्हणजे कोर्टातला दावा. जर्मनमध्ये 'बचाव करणे' यासाठी जे क्रियापद आहे, त्याच्या पोटातही सुनावणीसाठी नेमलेल्या दिवसाच्या सभेचा 'डिंग' दडलेला आहे. इंग्लंडच्या उत्तरेला हेड्रियनच्या भिंतीवरील एका रोमन ठाण्यात जर्मानिक शिपायांनी उभारलेली वेदी सापडली, ती 'मार्स थिंगसस'ला, म्हणजे सभेच्या मंगळदेवाला वाहिलेली. मंगळवाराला डच 'डिन्सडाख' आणि जर्मन 'डीन्सटाग' म्हणतात, त्यांचा संबंध अभ्यासक याच देवाशी जोडतात.

मग सभा वस्तू कशी झाली? सभेत भांडण यायचे, तेव्हा त्या भांडणालाही थिंग म्हणू लागले. पुढे सभेपुढची कोणतीही बाब थिंग झाली, आणि शेवटी सभा बाजूला राहून नुसती बाब उरली. लॅटिनमध्येही असेच झाले. खटल्यासाठीचा 'काउझा' हा शब्द झिजत फ्रेंचमध्ये 'शोझ' आणि इटालियनमध्ये 'कोझा' झाला, आणि दोन्हींचा अर्थ वस्तू. जर्मनचा 'झाखं' हाही आधी तंटा, मग वस्तू.

हे वाचताना मी थबकलो, कारण हा प्रवास आपल्या भाषेत रोज तोंडी असतो. संस्कृतात 'गोष्ठ' म्हणजे गायी उभ्या राहतात ती जागा. त्यातून मराठीत गोठा आला. गुरांच्या जागेशी माणसे जमत, बोलत, म्हणून 'गोष्ठी' म्हणजे मंडळी, मग त्यांचे बोलणे, आणि आपल्याकडे तीच 'गोष्ट' झाली. माझी आजी दूध काढून झाल्यावर गोठ्याच्या दारात हात पुसत म्हणायची, "एक गोष्ट सांगायचीय." ती शेजारच्या बांधाची तक्रार असे, लग्नाची बोलणी असत, नाहीतर राक्षसाची कथा असे. काय निघेल ते ती बोलेपर्यंत कळत नसे, आणि शब्द मात्र तिन्हींना एकच. एका माणसाची 'गोष्ट' होत नाही. निदान ऐकणारा एक तरी लागतोच.

'थिंग' आणि 'गोष्ट' यांचे नाते नाही. कोणी कोणाकडून उसना घेतलेला शब्द नाही. तरी दोन दूरच्या समाजांत माणसांचे जमणेच बाबीचे नाव झाले. मला वाटते, एखादी बाब चारचौघांत बोलली गेली की मगच ती बाब ठरते, हे दोन्हीकडच्या लोकांनी शब्द घडवताना ओळखले असावे. इंग्रजीने ती माणसे वाटेत गमावली. 'हस्टिंग्ज' या निवडणुकीच्या शब्दात तेवढी एक खूण राहिली. मराठीने कथा राखली, म्हणून गोष्टीत अजून आवाज आहे.

तसा आवाज आयल ऑफ मॅनवरही आहे. तिथल्या संसदेचे नाव टिनवल्ड, म्हणजे थिंगचे मैदान. दरवर्षी साधारणपणे 5 जुलैला सेंट जॉन्स गावातल्या चार पायऱ्यांच्या हिरव्या टेकडीवर ती भरते, वाटेवर लव्हाळे पसरतात. वर्षभरात झालेले कायदे मँक्स आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत थोडक्यात वाचून दाखवतात. जो कायदा मंजूर झाल्यापासून अठरा महिन्यांत इथे वाचला जात नाही, तो रद्द होतो.