मोकळ्या हाताचे कर्तव्य

मनुष्याचे कष्ट वाचविणारे साधन हे वरदान की प्रलोभन, हा प्रश्न नवा नाही. घरोघरचे जाते थांबून पिठाची गिरणी आली तेव्हाही तो कोणी ना कोणी विचारलाच असेल. आम्हांस तो गेल्या उत्तरायणाच्या दिवशी आमच्या दांडिया बाजारात, भर रस्त्यावर, मोटारसायकलवर बसलेले असताना पडला. तो प्रसंग आमच्या चुकीचा आहे. तथापि त्यातून जे शिकावयास मिळाले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

आमच्या एका यजमानांच्या चिरंजीवांनी नवी मोटारसायकल घेतली. वाहनपूजा आमच्याच हस्ते झाली. क्लचच्या दांडीला कुंकू लावावे म्हणून आम्ही हात नेला, तो डाव्या मुठीपुढे ती दांडीच नव्हती! डाव्या पायाशी गिअरचा खटकाही नव्हता. चिरंजीव हसून म्हणाले, “गुरुजी, हिचे गिअर तीच बदलते.”

बिनगिअरचे वाहन आपणांस अपरिचित नाही. १९८४ साली कायनेटिक होंडा आली, तेव्हापासून पट्ट्यावर चालणाऱ्या स्कूटर घरोघरी आहेत. त्याआधी बजाज चेतकवर डाव्या मुठीने क्लच दाबून तीच मूठ फिरवीत गिअर बदलणारी पिढी आपल्या वडीलधाऱ्यांची. परंतु या मोटारसायकलची रचना निराळी आहे. हिच्यात गिअर आहेत आणि क्लच एक नसून दोन आहेत. एका क्लचकडे पहिला, तिसरा, पाचवा असे विषम गिअर. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा असे सम. एका गिअरवर गाडी धावत असता पुढचा गिअर दुसऱ्या क्लचवर आधीच सज्ज होऊन बसतो. वेळ येताच एक क्लच सुटतो व त्याच क्षणी दुसरा धरतो. चाकाला मिळणारे बळ खंडित होत नाही. ही कल्पना फ्रान्समधील अडॉल्फ केग्रेस यांनी १९३०च्या दशकात मोटारींसाठी मांडली होती. होंडा कंपनीने २०१० साली व्हीएफआर १२००एफ या मोटारसायकलमध्ये ती आणली, आणि २०१७ साली त्याच कंपनीच्या आफ्रिका ट्विनबरोबर ती भारतातही विक्रीस आली.

उत्तरायणाच्या दिवशी चिरंजीवांनी ती गाडी आम्हांस चालविण्यास दिली. सूरसागरास वळसा घालून आम्ही परत दांडिया बाजाराकडे निघालो. प्रारंभी डावा हात सवयीने नसलेली दांडी चाचपीत होता. पुढे तो स्वस्थ झाला, आणि हात स्वस्थ झाल्याबरोबर मनही सुटले. सायंकाळच्या पूजेची तयारी, राहिलेली उधारी, बहिणीच्या सासरी पाठवावयाचे तिळगुळाचे डबे, असा संसार त्याने मांडला. आमच्या गल्लीचे तोंड केव्हा आले हे आमच्या ध्यानीही आले नाही. “काप्यो छे!” अशी गच्चीवरून आरोळी उठली आणि आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा, दृष्टी आकाशाकडे लावून, कटलेल्या पतंगामागे थेट आमच्यापुढे आला.

दोन्ही ब्रेक दाबले. गाडी मुलापासून हातभर अंतरावर थांबली. त्याने आमच्याकडे एकवार पाहिले आणि पतंग निसटला म्हणून तोच आमच्यावर रागावून निघून गेला. आमचे पाय मात्र कितीतरी वेळ थरथरत होते.

लाजिरवाणी गोष्ट यापुढची आहे. आमच्या मनात पहिला विचार आला तो हा, की गाडीने गिअर खाली का आणला नाही! आमच्या जुन्या गाडीवर गल्लीच्या तोंडाशी आम्ही नेहमी दुसऱ्या गिअरवर येतो. इंजिनच गाडीस आवरते. या गाडीने वरचा गिअर धरून ठेवला होता. पण तिने काय करावयाचे होते? ती चाकाचा वेग, इंजिनचे फेरे आणि आमच्या उजव्या मुठीची फिरकी एवढेच जाणते. गल्लीचे तोंड, उत्तरायणाचा दिवस, आकाशाकडे पाहणारी मुले, हे सारे जाणण्याचे काम आमचे होते. इतकेच नव्हे, तर डाव्या अंगठ्याखाली गिअर उतरविण्याची कळ तिच्यात होतीच. आमचा अधिकार गाडीने हिरावून घेतला नव्हता. आम्हीच तो विसरलो होतो.

घरी येऊन हे तीर्थरूपांस सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. ते एवढेच म्हणाले, “अभिषेकपात्रास छिद्र आहे, म्हणून गुरुजीस डुलकी घेण्याची मुभा नाही.”

या वाक्यावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. पिंडीवरचे अभिषेकपात्र हेही हात मोकळा करणारे साधनच आहे. पूर्वजांनी ते योजिले तेव्हा आळसाचा दोष त्यांस कोणी दिला नाही. धार पात्राने धरावी, आणि गुरुजींचे चित्त रुद्राच्या पाठावर राहावे, हा त्यातील हेतू. म्हणजे मोकळा झालेला हात कोणाच्या तरी नावे मोकळा झालेला असतो. आता अनेक मंदिरांत नगारा व घंटा विजेच्या यंत्राने वाजतात. त्या यंत्रास आम्ही वाईट म्हणत नाही. परंतु आरतीच्या वेळी मोकळ्या झालेल्या हातात टाळ येतो की भ्रमणध्वनी, हे प्रत्येकाने आपल्यापुरते पाहावे. आमच्या हातात काय येते हे आम्हांस ठाऊक आहे, म्हणूनच हे लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

येथे कोणी विचारील की, मग कष्टाचे वाहनच बरे नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्याच्या डाव्या हातात बळ उरलेले नाही त्यास अशी गाडी पुन्हा रस्ता देते. हे पुण्याचे काम आहे. शिवाय गिअर बदलणारा प्रत्येक जण सावध असतो असेही नाही. कठोपनिषदातील रथाच्या रूपकात मनास लगाम म्हटले आहे आणि बुद्धीस सारथी. लगाम कोणत्याही चामड्याचा असो, सारथी जागा हवा. अर्जुनाने तर घोडे संपूर्णपणे श्रीकृष्णाच्या स्वाधीन केले. पण गांडीव त्याचेच होते, आणि युद्ध करावे की न करावे याचा निर्णयही भगवंतांनी अखेर त्याच्यावरच सोपविला.

आपल्याच पेठेचे एक स्मरण येथे उचित होईल. बडोदे संस्थानाच्या सेवेत असलेले श्रीअरविंद ज्या घरी राहिले ते अरविंद निवास दांडिया बाजारातच आहे. सुरतेच्या काँग्रेसनंतर, १९०८च्या प्रारंभी, त्यांनी बडोद्यात विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याच्या मार्गदर्शनाखाली ध्यान केले, आणि तीन दिवसांत त्यांचे मन पूर्ण निःशब्द झाले. पुढे मुंबईत व्याख्यान द्यावयाचे होते, विचारच उठेनात. लेले यांनी सांगितले की, श्रोत्यांस नमस्कार करून थांबावे, भाषण आपोआप येईल. तसेच घडले. तेही एका अर्थी ‘आपोआप’च होते. परंतु नमस्कार करून थांबणे आणि बेसावध असणे यांत महदंतर आहे. तेथे मन रिकामे होते ते जागृतीने. आमचे रिकामे झाले आणि उधारीचा हिशेब करू लागले.

त्यानंतर ती गाडी आम्ही आणखी दोन वेळा चालविली. गल्लीचे तोंड आले की आम्ही स्वतःच अंगठ्याने गिअर उतरवितो. गाडीस त्याची गरज असो वा नसो, आम्हांस ती आहे. तो मुलगा अधूनमधून मंदिरात प्रसादास येतो. त्यास त्या दिवसाचे काही स्मरत नाही. त्याच्या ओंजळीत प्रसाद ठेविताना आमचा हात मात्र क्षणभर थांबतो, आणि तो थांबावा अशीच देवाजवळ प्रार्थना आहे.