भिंतीवरचें अरण्य

मनुष्यानें अरण्य सोडून घर बांधलें, आणि घर बांधून झाल्यावर त्याच्या भिंतींवर पुन्हां अरण्यच काढलें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ज्या पावसापासून, किड्यामुंग्यांपासून व श्वापदांपासून आडोसा मिळावा म्हणून भिंत उभारली, त्यांच्याच चित्रांत तो तिच्या आड बसून रमतो. अलीकडे शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत ही आवड फार बळावली आहे. दिवाणखान्याच्या एका भिंतीवर धुक्यांतलें रान छापलेला कागद, कोपऱ्यांत वेताची खुर्ची, छतापासून लोंबणारी प्लास्टिकची वेल, न्हाणीघरांत नदीकांठच्यासारखे गुळगुळीत गोटे. आणि ह्या सर्वांस मिळून ‘निसर्गस्नेही सजावट’ असें भारदस्त नांव. आम्हांस ह्या आवडीची थट्टा करावयाची नाहीं. दिवसाचे दहा-बारा तास सिमेंटच्या चार भिंतींत काढणाऱ्या मनुष्याच्या डोळ्यांस हिरव्याची भूक लागते, ती खरीच आहे. आमचा प्रश्न त्या ‘स्नेही’ शब्दापुरता आहे. स्नेह म्हटला म्हणजे देणें-घेणें आलें. ज्याचें रूप आपण हौसेनें घरांत आणतों, त्या निसर्गाचें आपण कांहीं देणें लागतों कीं नाहीं?

ह्या प्रश्नाचा विचार करतांना आम्हांस प्रथम आठवतो तो विल्यम मॉरिस (१८३४–१८९६). कवि, कारागीर आणि पुढें कडवा समाजवादी असा हा इंग्रज गृहस्थ. भिंतीवर पानाफुलांचे छापील कागद लावण्याच्या कलेंत त्याच्या तोडीचा दुसरा झाला नाहीं असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. लग्नानंतर राहावयास म्हणून त्यानें आपला मित्र फिलिप वेब ह्याच्याकडून लंडनजवळ बेक्स्लीहीथ येथें ‘रेड हाउस’ बांधून घेतलें. त्या घराच्या बागेंत गुलाबाच्या वेली चढविण्यासाठीं लांकडी जाळ्या होत्या. त्यांवरून १८६२ सालीं त्यानें भिंतीच्या कागदाची आपली पहिली नक्षी काढली. तिचें नांवच ‘ट्रेलिस’, म्हणजे वेलीची जाळी. त्यांतले पक्षी मात्र वेबनें काढले, कारण मॉरिसला स्वतःचे पक्षी पसंत पडेनात! मॉरिसचा कटाक्ष असा असे, कीं भिंतीवरच्या वेलीनें खऱ्या वेलीचें सोंग आणूं नये. खोट्या फांद्या व त्यांच्या खोट्या सावल्या रोज मोजीत बसण्यापेक्षां खऱ्या रानाची आठवण करून देणारी साधी नक्षी बरी, असें त्यानें १८८१ च्या एका व्याख्यानांत सांगितलें आहे. हा विवेक आम्हांस फार मोलाचा वाटतो. नक्षी आपण नक्षी असल्याचें कबूल करते. प्लास्टिकचें पान तें लपवितें.

परंतु ह्याच मॉरिसच्या चरित्रांत एक प्रकरण आहे, तें वाचून मन अस्वस्थ होतें. त्या काळच्या कागदांवरचा टवटवीत हिरवा रंग पुष्कळदां तांबें व सोमल ह्यांच्या संयोगापासून बनविलेला असे. असा पहिला रंग कार्ल शेले ह्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानें १७७५ च्या सुमारास शोधून काढला, आणि पुढील शतकांत तो कागद, कापड, कृत्रिम फुलें अशा सर्व वस्तूंत शिरला. ओल्या भिंतीवर बुरशी चढली, कीं अशा रंगांतून विषारी वायु सुटूं शकतो, हें पुढें बार्तोलोमेओ गोझिओ ह्या इटालियन वैद्यानें दाखविलें. म्हणजे रानाची हवा घरांत यावी म्हणून जो कागद लावला, त्यानेंच घरची हवा नासावी! मॉरिसच्या ‘ट्रेलिस’ कागदाच्या एका जुन्या तुकड्याची तपासणी अँड्र्यू मेहार्ग ह्या शास्त्रज्ञानें २००३ सालीं प्रसिद्ध केली. त्यांतल्या हिरव्या रंगांत सोमल निघाला.

एवढ्यावर भागतें तर तो त्या युगाचा दोष म्हणून सोडून देतां आला असता. पण मॉरिसच्या घरची श्रीमंती आली कोठून? त्याच्या वडिलांनीं डेव्हन परगण्यांतील ‘डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स’ ह्या खाणीचे भाग घेतले होते. ती खाण प्रथम तांब्याची व नंतर सोमलाचीहि. टेमार नदीच्या कांठीं त्या खाणीनें उकरून टाकलेल्या ढिगाऱ्यांवर पुढें कित्येक वर्षें नीट गवत उगवलें नाहीं. मॉरिस स्वतः १८७१ पासून १८७५ पर्यंत त्या कंपनीचा एक संचालक होता. आणि १८८५ सालीं, सोमलाच्या रंगाविषयीं लोकांत बोभाटा झालेला असतां, त्यानें आपल्या एका रंगारी मित्रास लिहिलेल्या पत्रांत ह्या भीतीची गणना चेटकिणींच्या भयगंडांत केली. ज्याच्या नजरेस वेलीच्या पानाची एकेक शीर दिसत होती, त्यास तें पान ज्या डोंगराच्या पोटांतून रंगून आलें तो डोंगर दिसला नाहीं.

हें आम्ही मॉरिसला खालीं ओढण्यासाठीं सांगत नाहीं. आमच्या समजुतीप्रमाणें एवढा प्रामाणिक सौंदर्योपासक विरळा. म्हणूनच त्याचें उदाहरण बोचतें. निसर्गाच्या रूपावर जीव जडला म्हणजे निसर्गाविषयींचें कर्तव्य आपोआप कळतें, असा जो एक गोड समज आहे, तो ह्या उदाहरणापुढें टिकत नाहीं. रूप डोळ्यांपुढें असतें. त्याची किंमत दुसऱ्या कोठें, दुसऱ्या कोणाच्या अंगणांत चुकती होत असते.

कोणी म्हणेल, कीं मग कृत्रिम रंग व प्लास्टिक टाकून सर्व कांहीं ‘नैसर्गिक’ वापरावें म्हणजे झालें. मॉरिसनेंहि तेंच केलें. १८७५ नंतर तो वनस्पतींच्या रंगांकडे वळला आणि निळीच्या पिंपांत हात घालून घालून कोपरापर्यंत निळा झाला. परंतु नीळ वनस्पतीची म्हणून निष्पाप थोडीच ठरते? बंगालच्या शेतकऱ्यांनीं १८५९ सालीं ज्या पिकाविरुद्ध बंड केलें तें पीक निळीचेंच होतें. आमच्या घरांतला सागवान, वेत, नदींतून उचलून आणलेले गोटे, सारे नैसर्गिकच. आणि प्रत्येकाच्या मागें कोठें तरी एक उघडा पडलेला कांठ किंवा खोडका उरलेला डोंगर असूं शकतो. दसऱ्याच्या दिवशीं सोनें म्हणून आम्ही आपट्याची जी लूट करतों, तीहि नैसर्गिकच नाहीं का?

सौंदर्यासाठीं निसर्गाचा बळी देण्याची परम सीमा पाहावयाची असेल तर ती जपानच्या एका कथेंत सांपडते. सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) हा चहापानाच्या विधीचा थोर आचार्य. त्याच्या बागेंतल्या निळ्या फुलांच्या वेलींची कीर्ति ऐकून हिदेयोशी हा सत्ताधीश एके सकाळीं त्या पाहावयास आला. पाहतो तों बागेंत एकहि वेल नाहीं. सगळ्या खणून टाकलेल्या! रागानें तो चहाच्या खोलींत शिरला, आणि तेथें कोनाड्यांतल्या पात्रांत त्यास एकच फूल दिसलें. ओकाकुरा ह्यानें १९०६ सालच्या आपल्या चहावरील ग्रंथांत ही कथा सांगितली आहे, आणि रसिक तीवर मान डोलवितात. एकाच फुलांत सगळी बाग दाखविण्याची ती करामत अद्‌भुत आहे, हें आम्हांस मान्य आहे. तरी पण आमचें मन त्या कोनाड्यापाशीं ठरत नाहीं. तें बाहेर उपटून टाकलेल्या वेलींकडे जातें. ह्यास कोणी आमची अरसिकता म्हटलें तरी आमची हरकत नाहीं.

आतां ह्याच्या उलट एक चित्र पाहा, आणि तेंहि मॉरिसच्याच घरचें. थेम्स नदीच्या उगमाकडील भागांत केल्मस्कॉट येथें त्याचें दुसरें घर होतें. तेथील बागेंत स्ट्रॉबेरी पिकली, कीं थ्रश नांवाचे पक्षी जाळीखालून शिरून ती फस्त करीत. माळी चिडून त्यांच्या माना मुरगळावयास निघे, आणि मॉरिस पहाटे उभा राहून त्या चोरांची गंमत पाही व बजावी, कीं माझ्या बागेंतल्या एकाहि पांखरास हात लावावयाचा नाहीं. ही आठवण त्याची मुलगी मे हिनें लिहून ठेविली आहे. ‘स्ट्रॉबेरी थीफ’, म्हणजे स्ट्रॉबेरी-चोर, ही १८८३ सालची त्याची विख्यात नक्षी ह्या पांखरांची. ती आजहि पडद्यांवर व उशांच्या अभ्र्यांवर विकली जाते. ‘ट्रेलिस’ आणि ‘स्ट्रॉबेरी थीफ’ ह्या दोहोंत कलेच्या दृष्टीनें श्रेष्ठ कोणती हें जाणत्यांनीं ठरवावें. आम्हांस त्यांत एक वेगळाच भेद दिसतो. दुसऱ्या नक्षींतल्या पांखरांनीं चित्रांत येण्यापूर्वीं यजमानाचें फळ खाल्लें होतें, आणि त्यानें तें खाऊं दिलें होतें.

आमच्याकडील जुन्या सजावटींत हा व्यवहार बराचसा सांभाळलेला होता असें आम्हांस वाटतें, जरी त्याचे गोडवे गाण्याचा आमचा स्वभाव नाहीं. अंगणांतली तुळस ही शोभाच. पण ती रोज सकाळीं तांब्याभर पाणी मागते, आणि चार दिवस विसरलांत तर वाळून तुमची लाज चव्हाट्यावर आणते. ठाणें-पालघरकडील वारली सुवासिनी लग्नाच्या वेळीं गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक काढतात, आणि त्यांत पालघाट देवीस बसवितात. ती वनस्पतींची, सुफलतेची देवता. तिच्या साक्षीवांचून लग्न लागत नाहीं. जिव्या सोमा मशे ह्यांच्यासारख्या कलावंतानें हीं चित्रें कागदावर उतरवून जगभर नेलीं ह्याचा आम्हांस अभिमान आहे. मात्र शहरांतल्या उपाहारगृहांच्या भिंतींवर तेंच नर्तकांचें वर्तुळ छापलेलें दिसतें, तेव्हां त्या आकृतींतून देवी कधींच उठून गेलेली असते. राहतो तो नुसता ठसा. पाणी न मागणारा, साक्ष न मागणारा.

येथें एक आक्षेप आम्ही गंभीरपणें घेतों. चाळींतल्या दहा-बाय-दहाच्या खोलींत सहा माणसें राहतात. त्यांनीं भिंतीवर हिमालयाच्या चित्राचें एक कॅलेंडर टांगलें तर त्यांच्याकडे कसलें देणें मागावयाचें? कांहीं नाहीं. तें चित्र निसर्गाचें सोंग नव्हे. ती दूरच्या नातलगाची तसबीर आहे. आमचा रोख आहे तो ज्यांस जागा आहे, पैसा आहे, निवड आहे, अशांकडे. इमारतीपुढचा गुलमोहर मोटारीवर फुलें सांडतो म्हणून तोडावयास लावून आंत पानांच्या नक्षीचे पडदे लावणारीं घरें आम्हांस ठाऊक आहेत, आणि तीं चांगल्या, वाचत्या माणसांचीं आहेत. आम्ही स्वतःस त्यांच्याहून निराळे समजत नाहीं. गॅलरीला पारव्यांसाठीं जाळी लावावी कीं नाहीं, हा वाद आमच्याहि घरीं झाला आहे. पारव्यांच्या विष्ठेनें फुप्फुसांस अपाय होऊं शकतो, ही वैद्यांची तक्रार खोटी नाहीं, आणि घरांत दमेकरी असेल तर जाळी लावणेंच योग्य. सर्वच देणीं फेडतां येतात असा आमचा दावा नाहीं. पण जाळी लावून झाल्यावर तिच्या आंत पांखरांच्या चित्राचा कागद चिकटवितांना हात किंचित् अडखळावा, एवढी अपेक्षा फार नसावी.

जुन्या घरांत तसबिरी भिंतीला सपाट टेंकलेल्या नसत. वरची कड दोरीनें पुढें झुकलेली, आणि मागें वीतभर पोकळी. त्या पोकळींत चिमण्या घरटीं करीत. गवताच्या काड्या, कापसाचे बोळे, क्वचित् फुटलेलें अंडें, हें सारें देवादिकांच्या व आजोबांच्या तसबिरींखालीं जमिनीवर पडे, आणि घरांतल्या बायका कुरकुरत तें रोज झाडून काढीत. त्या घरट्यास सजावट म्हणण्याचें तेव्हां कोणाच्या मनांत आलें नाहीं. पिल्लें उडून जाईपर्यंत तसबीर पुसावयाची नाहीं, एवढें मात्र घरांतल्या मुलांनाहि ठाऊक असे.