जुने सागवान आणि जाणत्याचे मौन

भोर तालुक्यातील भोंगवलीपासून वेल्ह्याच्या डोंगरकुशीतील वस्त्यांपर्यंत आज एक बदल सर्वत्र दिसतो. आजोबा-पणजोबांनी बांधलेली दगडमातीची कौलारू घरे उतरवली जात आहेत आणि त्यांच्या जागी सिमेंटचे स्लॅब पडत आहेत. उतरवलेल्या घरातून खांब, तुळया, वासे, चौकटी, दारे असे पुष्कळ लाकूड निघते. ते विकत घ्यायचे, खिळे काढून, रंधून साफ करायचे आणि पुन्हा विकायचे, हा आपल्या भागात एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. लाकडाच्या वखारी आणि जुन्या मालाची दुकाने चालवणारी कुटुंबे आपल्या समाजातही आहेत. त्यांच्यासाठी, आणि ज्यांना आपले जुने घर विकायचे आहे त्यांच्यासाठीही, एका नैतिक प्रश्नाचा विचार येथे करायचा आहे. ज्याला वस्तूचे मोल कळते त्याने, ज्याला ते कळत नाही त्याच्याशी सौदा करताना, गप्प राहावे काय?

प्रथम हे स्पष्ट असावे की हा धंदा कमी प्रतीचा नाही. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) पस्तीस वर्षांचे असताना कुरैशांनी काबागृहाची पुनर्बांधणी केली, ही घटना सीरतच्या ग्रंथांत आली आहे. त्या वास्तूच्या छतासाठी वापरलेले लाकूड जुनेच होते. लाल समुद्राच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले होते, त्याच्या फळ्या मक्केत आणल्या गेल्या आणि बाकूम नावाच्या कारागिराने त्या कामाला हात लावला. ज्या घराकडे तोंड करून आपण पाच वेळा नमाज अदा करतो, त्याच्या छतावर एकेकाळी मोडलेल्या जहाजाचे लाकूड होते!

त्याच प्रसंगातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अज्ञानकाळात असूनही कुरैशांनी ठरवले की या बांधकामात केवळ स्वच्छ कमाई घालायची. व्याजाचा, व्यभिचाराचा किंवा कोणावर अन्याय करून मिळवलेला पैसा घ्यायचा नाही. परिणाम असा झाला की पैसा अपुरा पडला आणि मूळ वास्तूचा एक भाग, ज्याला आपण हतीम म्हणतो, बाहेर ठेवावा लागला. हाजी आजही त्या अर्धगोल भिंतीच्या बाहेरून तवाफ करतात. इमारत लहान झाली तरी चालेल, पण तिच्यात कोणाच्या हक्काचा पैसा नको, या निर्णयाची ती खूण आहे.

जुन्या लाकडाला पुन्हा कामात आणणे म्हणजे अल्लाहच्या देणगीची नासाडी टाळणेही आहे. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, म्हणून वाळवी त्याला सहसा लागत नाही. घरात कित्येक दशके राहिलेली तुळई पूर्ण वाळलेली असते, त्यामुळे तिची फळी वाकत किंवा तडकत नाही. तेवढ्या जाडीचे झाड वाढायला अनेक वर्षे जातात. असे लाकूड चुलीत घालणे हा अपव्यय आहे आणि ते वाचवणाऱ्याची मेहनतही खरी आहे. लाकडात राहिलेला एक खिळा करवतीचे दात मोडतो, कारागिराला जखमी करतो. एकेक खिळा शोधून काढणाऱ्याला नफ्याचा पूर्ण अधिकार आहे.

व्यापाऱ्याची पहिली जबाबदारी ग्राहकाकडे असते आणि ती सर्वांना ठाऊक आहे. बाजारातील धान्याच्या ढिगात प्रेषितांनी (स.) हात घातला, आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. सहीह मुस्लिममधील ही हदीस लाकडाच्या वखारीला शब्दशः लागू पडते. किड्याने पोखरलेली भोके भुसा आणि सरस भरून बुजवायची व वरून पॉलिश करायचे, बाहेरचे कोवळे लाकूड गाभा म्हणून विकायचे, साध्या सागाला बर्मा सागाचे नाव द्यायचे, हे सारे ओले धान्य खाली दडवण्यासारखे आहे. फिक्हमध्ये अशा ग्राहकाला ‘खियार-ए-ऐब’, म्हणजे दोष आढळल्यास माल परत करण्याचा हक्क आहे. येथवर कोणाचे दुमत नाही.

दुसरी जबाबदारी मात्र उलट दिशेची आहे आणि तिच्याबद्दल आपण क्वचितच बोलतो. लाकूड विकताना व्यापारी विक्रेता असतो, पण ते घेताना तो ग्राहक असतो. समजा, एक वृद्ध बाई आपले घर उतरवायला काढते. तिला लाकूड म्हणजे जागा अडवणारा कचरा वाटतो. व्यापारी येतो, नजर फिरवतो आणि ‘सगळे उचलून नेतो’ म्हणून एक उक्ती रक्कम सांगतो. माळ्यावरच्या काळ्या पडलेल्या तुळया उत्तम सागाच्या आहेत, हे त्याला एका क्षणात कळलेले असते. तिला धुराची काजळी दिसते, त्याला घनफूट दिसतात. तो खोटे बोलत नाही, फक्त गप्प राहतो. ती आनंदाने होकार देते. या सौद्यात काही चुकले काय?

या मौनाच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. लाकूड ओळखण्याची कला व्यापाऱ्याने वर्षानुवर्षांच्या कष्टाने मिळवली आहे, तिचे फळ त्याने का सोडावे? आणि इस्लामने नफ्याला टक्केवारीची मर्यादा घातलेली नाही. हजरत उरवा (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) एक बकरी आणायला एक दीनार दिला. त्यांनी तेवढ्यात दोन बकऱ्या घेतल्या, एक दीनारला विकली आणि बकरीही आणली, दीनारही परत आणला. प्रेषितांनी (स.) त्यांच्या व्यापारात बरकत व्हावी म्हणून दुआ केली. हनफी फिक्हचा सामान्य नियमही असा की केवळ भाव फार कमी-जास्त झाला म्हणून सौदा मोडत नाही, त्यासोबत फसवणूक सिद्ध व्हावी लागते. तेव्हा काझीसमोर त्या बाईची बाजू कदाचित टिकणार नाही.

परंतु काझीच्या दारापाशी श्रद्धावंताचा विचार संपत नाही. हजरत उरवा (रजि.) यांचा सौदा उघड्या बाजारात झाला होता, जेथे बकरीचा भाव दोघांनाही विचारता येत होता. जेथे एका पक्षाला भाव ठाऊकच नाही, तेथे प्रेषितांनी (स.) वेगळी शिकवण दिली. गावाकडून माल घेऊन येणाऱ्या काफिल्यांना बाजारात पोचण्याआधीच रस्त्यात गाठून माल घेण्यास त्यांनी मनाई केली आणि असा सौदा झालाच, तर बाजारात आल्यावर तो मोडण्याचा अधिकार विक्रेत्याला दिला. काफिल्याला कोणी खोटे सांगितले नव्हते, त्याला फक्त भाव कळू दिला नव्हता. आपल्या डोंगराळ गावातील घरमालक हा त्या काफिल्यासारखाच आहे. पुण्याच्या भवानी पेठेतील टिंबर मार्केट त्याने पाहिलेले नाही, व्यापारी त्याला वाटेतच भेटला आहे.

हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी प्रेषितांच्या (स.) हाती नमाज, जकात आणि प्रत्येक मुस्लिमाचे भले चिंतणे यांची प्रतिज्ञा केली होती. त्यांच्यासाठी एक घोडा तीनशे दिरहमला ठरला. घोडा पाहून ते मालकाला म्हणाले की तुझा घोडा याहून अधिक मोलाचा आहे, चारशेला देतोस काय? असे करत करत त्यांनी स्वतःच किंमत आठशेपर्यंत नेली आणि तेवढे दिले. कारण विचारले तेव्हा त्यांनी आपल्या प्रतिज्ञेकडे बोट दाखवले. प्रत्येकाला हा दर्जा गाठता येणार नाही. पण प्रतिज्ञेचा अर्थ त्यांना कसा उमगला होता, हे पाहावे. त्यांच्या लेखी समोरच्याचे अज्ञान ही आपली मिळकत नव्हती. ती त्याची अडचण होती आणि ती दूर करणे हे आपले काम होते.

कोणी म्हणेल, प्रतिज्ञा तर मुस्लिमांपुरती होती आणि आमच्या गावात घर विकणारा बहुधा हिंदू शेजारी असतो. हाफिज इब्ने हजर यांनी फत्हुल बारीत या शंकेचे उत्तर दिले आहे. मुस्लिमाचा उल्लेख सामान्यतः घडणाऱ्या स्थितीला धरून आहे, मुस्लिमेतर सल्ला विचारील तर त्यालाही योग्य तेच सांगायचे. पवित्र कुरआनचा शब्द तर त्याहून व्यापक आहे. हजरत शुऐब (अ.) यांनी आपल्या व्यापारी समाजाला दिलेली आज्ञा अल्-आराफ, हूद आणि अश्-शुअरा या तिन्ही सूरहमध्ये आली आहे. लोकांना त्यांच्या वस्तूंत तोटा देऊ नका, असा तिचा आशय. तेथे शब्द ‘लोक’ असा आहे, ‘श्रद्धावंत’ असा नाही.

आणि तेथे वापरलेले क्रियापद आहे ‘बख्स’, म्हणजे एखाद्या वस्तूचे मोल घटवणे, तिला तिच्या योग्यतेपेक्षा कमी लेखणे. हाच शब्द कुरआनात हजरत यूसुफ (अ.) यांच्या कथेत येतो. मोजक्या दिरहमांवर त्यांना विकले गेले, ती किंमत ‘बख्स’ होती, कारण विकणाऱ्यांना त्यांची पर्वाच नव्हती. विकणाऱ्याला वस्तू नकोशी झाली म्हणून तिचे मोल उरत नाही असे नाही, हे या एका शब्दातून उमगते. जुन्या घराला कंटाळलेला माणूस तुळई कवडीमोलाने देतो, तेव्हा ते मोल घटवण्यास जाणत्याचे मौन हातभार लावते. एखाद्यावर संकट आले असेल तर हे अधिकच खरे. १२ जुलै १९६१ रोजी वेल्हे तालुक्यातील पानशेत धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठचे कित्येक वाडे कोसळले. अशा वेळी घरमालकाचा हात दगडाखाली असतो, तो मिळेल ती किंमत घेतो. त्या होकाराला खुशीचा होकार म्हणणे कठीण आहे.

मोल सांगण्याबरोबर मालक कोण, हेही विचारायला हवे. वडिलार्जित घर एका भावाच्या ताब्यात असले, तरी त्याच्या लाकडात बहिणींचाही वाटा असतो, आई हयात असेल तर तिचाही. चौकट उचलली गेली की त्या वाट्याचा पुरावाही जातो. म्हणून सर्व वारसांची संमती आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत. अनाथाच्या आणि वक्फच्या मालमत्तेबाबत तर हनफी फिक्ह आणखी कडक आहे. तेथे फसवणूक झाली नसली, तरी फार कमी भावाचा सौदा वैध ठरत नाही. गावोगावी जुन्या मशिदी पाडून नव्या बांधल्या जात आहेत. त्यांच्या खांब-तुळयांबाबत नियम स्पष्ट आहे. ते प्रथम त्याच मशिदीच्या कामात वापरावेत, गरज पडेपर्यंत जपावेत, अन्यथा योग्य भावाने विकून पैसा मशिदीच्या दुरुस्तीतच घालावा. कमिटीतील ओळखीच्या माणसाने ते ‘असेच’ नेणे हा अमानतीचा भंग आहे.

मग व्यापाऱ्याने करावे तरी काय? व्यवसाय बंद करावा किंवा नफा सोडावा, असे मुळीच नाही. उक्ता सौदा न करता त्याने मालकासमोर लाकूड मोजावे. साग किती, ऐन-जांभूळ किती, जळाऊ किती, हे वेगळे सांगावे. बाजारात साफ केलेल्या मालाचा अंदाजे भाव काय आणि उतरवणे, वाहतूक, खिळे काढणे, कटाई यांचा खर्च काय, हेही सांगावे. ‘वाटल्यास दुसरीकडेही विचारा’ एवढे म्हणावे. यानंतर जो भाव ठरेल त्यात त्याचे कौशल्य, श्रम आणि जोखीम यांचा मोबदला आहे आणि तो निखळ हलाल आहे. जो भाव केवळ समोरच्याच्या अज्ञानातून आला, तो कशाचा मोबदला होता, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

अशाने कधी सौदा हातचा जाईल, कधी नफा कमी होईल. पण खरे बोलणाऱ्या आणि सारे स्पष्ट करणाऱ्या दोन्ही पक्षांच्या व्यवहारात बरकत होते, लपवाछपवीने ती पुसली जाते, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. कुरैशांनी पैसा कमी पडला म्हणून काबागृह लहान बांधले, पण अन्यायाचा पैसा त्यात येऊ दिला नाही. आपले दुकान थोडे लहान राहिले, तर काय बिघडले?

अल्लाह आपल्याला देताना आणि घेताना, दोन्ही वेळी पूर्ण माप देण्याची सद्बुद्धी देवो आणि आपल्या रोजीत बरकत देवो. आमीन.