मैत्रिणीचा भाऊ

नीतिशास्त्राचे ग्रंथ मोठमोठ्या संकटांचा विचार करतात. बुडत्या नावेंत कोणास घ्यावें, प्राण वांचविण्यासाठीं असत्य बोलावें कीं नाहीं, असे प्रश्न त्यांत सांपडतात; पण शंभरांतील नव्याण्णव माणसांवर तसली वेळ येतच नाहीं. त्यांच्या वांट्यास येणारे प्रश्न घरगुती आणि वरवर पाहतां हंसण्यावारी नेण्याजोगे असतात. अशाच एका प्रश्नाचा निवाडा करण्याची पाळी मध्यंतरीं आम्हांवर आली. तो प्रश्न वाचकांपुढे ठेवीत आहों.

बारामतीहून इंदापुरास जातांना वाटेंत शेळगांवचा फाटा लागतो. आषाढांत तुकोबारायांची पालखी याच वाटेनें पंढरीस जाते. तेथील एका शेतकरी कुटुंबाशीं आमचा जुना घरोबा आहे. त्या घरची मुलगी बारामतीस महाविद्यालयांत शिकत असतां तिची एका मुलीशीं जिवाभावाची मैत्री जडली. सुटी लागली कीं ही मैत्रीण शेळगांवास येई. फाट्यावरून दोघींना घरीं आणण्याचें काम मुलीच्या थोरल्या भावाकडे असे. त्याला ही मैत्रीण, रीतीप्रमाणें, ‘दादा’ म्हणे.

पुढें काय झालें तें सर्वांच्या आधीं आजीच्या ध्यानांत आलें. म्हातारीची दृष्टि अधू झाली होती, पण कान शाबूत होते. पाहुण्या मुलीच्या तोंडून ‘दादा’ हा शब्द हळूहळू गळूं लागला. पूर्वीं ती ‘दादा, चहा घेणार का?’ असें विचारी; पुढें नुसतें ‘चहा घेणार का?’ एवढेंच उरलें. त्या वर्षीं दिवाळींत मैत्रिणीनें पुष्कळ आग्रह केला, तरी भाऊबीजेच्या आदल्याच दिवशीं तिला आपल्या गांवीं कांहीं निकडीचें काम निघालें. आजी काय समजायचें तें समजली आणि गप्प राहिली.

यथावकाश गोष्ट उघड झाली. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांस ती मान्य झाली. विघ्न आलें तें भलत्याच ठिकाणाहून : नवरदेवाची बहीण रुसली! ती आमच्याकडे येऊन म्हणाली, “सर, लग्नाला माझी ना नाही. दादाला हिच्यापेक्षा चांगली बायको मिळाली नसती. पण दोन वर्षं ती आमच्याकडे येत होती. त्यातल्या किती फेऱ्या माझ्यासाठी आणि किती त्याच्यासाठी, एवढं मला कुणीतरी सांगा.”

आम्ही प्रथम हंसलों. मागाहून तें हंसणें आमचें आम्हांसच बोंचलें.

अशा प्रसंगीं लोक दोन टोकांचीं मतें देतात. एक पक्ष म्हणतो, मैत्रिणीचा भाऊ तो आपला भाऊ; त्याच्याविषयीं दुसरी भावना मनांत आणणें हा विश्वासघात होय. पण भाऊ ‘मानणें’ ही स्वेच्छेची गोष्ट आहे. संबोधनाच्या रूढीनें नातें लादतां येत नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो, प्रेम करण्यास मैत्रिणीची परवानगी कशाला? हेंही खरें. परंतु त्या मुलीनें परवानगीचा प्रश्न काढलाच नव्हता. तिला हवा होता तो आपल्या मैत्रीचा हिशेब.

ॲरिस्टॉटलनें मैत्रीचे तीन प्रकार सांगितले आहेत : उपयोगासाठीं केलेली, सुखासाठीं केलेली, आणि मित्राच्या सद्गुणांवर जडलेली. तिसऱ्या प्रकारची म्हणून आपण जी जपली ती पहिल्या प्रकारची होती, आपण केवळ पायरी ठरलों, अशी शंका त्या मुलीस जाळीत होती. माणसाचे हेतु मिश्र असतात. मागाहून आलेला हेतु आधींच्या हेतूस खोटा पाडीत नाहीं, हें आम्ही तिला सांगितलें. पण हें तिला कळावें कसें? लपविण्यांतला खरा अपराध हाच. त्यानें मैत्रिणीच्या भावी सुखाला धक्का लागत नाहीं. तिच्या भूतकाळाला लागतो. ज्या सायंकाळी तिनें आपल्या म्हणून मनांत सांठविल्या, त्यांवर तिचाच विश्वास उरत नाहीं.

आपल्याकडे याचा उलट दाखला आहे. महाभारतांत रैवतकाच्या उत्सवांत अर्जुनाची दृष्टि सुभद्रेवर खिळलेली कृष्णानें पाहिली व हंसून त्यास हटकलें. अर्जुनानें कांहीं लपविलें नाहीं. ‘ही मला मिळेल कशी?’ असेंच मित्राला विचारलें. बलराम मागाहून संतापला. कृष्णाला रुसण्याचें कारण उरलें नव्हतें. किर्लोस्करांचें ‘सौभद्र’ १८८२ सालीं रंगभूमीवर आलें, तेव्हांपासून मराठी प्रेक्षक या कथेवर लुब्ध आहेत. अलीकडच्या काळांत महर्षि कर्वे यांनीं १८९३ सालीं गोदूबाईंशीं पुनर्विवाह केला. त्या कर्व्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांच्या भगिनी. हा विवाह गोदूबाईंच्या वडिलांशीं उघड बोलणें होऊन ठरला. पुढें मुरुडास बहिष्कार सोसावा लागला. पण चोरून कांहीं केल्याचा ठपका त्यांत नव्हता.

मग सांगावें केव्हां? नवरीचें म्हणणें असें : “आधी सांगितलं असतं आणि त्यांच्या मनात काही नसतं, तर मी दोघांनाही मुकले असते.” ही भीति खोटी नव्हे. आमच्या मतें, स्वतःचें मन स्वतःस कळेपर्यंतचें मौन हा संकोच होय, आणि तो क्षम्य आहे. कळल्यानंतरचें मौन ही लपवाछपवी. पहिला शब्द मैत्रिणीचा हक्काचा आहे. शेवटचा मात्र नव्हे. मैत्रिणीवरही एक कर्तव्य येतें. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ कादंबरींत इझाबेला आपला भाऊ कॅथरिनच्या गळ्यांत बांधूं पाहते; एलिनॉर तसें कांहीं करीत नाहीं. कॅथरिन अखेर एलिनॉरच्याच भावास वरते. भावाची दलाली करावयाची नाहीं आणि त्याच्यावर पहाराही ठेवावयाचा नाहीं, हें ज्या मैत्रिणीस साधलें ती धन्य.

आमचा निवाडा ऐकून नवरी शेळगांवास गेली आणि मैत्रिणीपुढे बसून तिनें सरळ हिशेब दिला. “पहिल्या चार फेऱ्या नुसत्या तुझ्यासाठी. पुढच्या दोघांसाठी. आणि शेवटची, खरं सांगते, त्यांच्यासाठी. पण त्या रात्रीसुद्धा जागले तुझ्याशीच बोलत.” दोघी रडल्या, मग हंसल्या.

लग्नांत ती मुलगी करवली म्हणून नवरदेवामागें उभी राहिली खरी, पण तिचें सारें लक्ष अंतरपाटाच्या पलीकडे होतें. तिनें नव्या वहिनीस एकच अट घातली आहे : सासूबाईंसमोर काय म्हणायचें तें म्हण, एकटीं असतां मात्र ‘वन्सं’ म्हणावयाचें नाहीं. ही अट अद्याप पाळली जात आहे, असें आजी सांगते. आणि आजीच्या कानांवर आमचा पूर्ण भरंवसा आहे.