वेग, उष्णता आणि विवेक

जुन्या यंत्राकडून ठरलेल्या कुवतीपेक्षा अधिक काम करवून घेणे, हे कौशल्य की हव्यास? प्रश्न तंत्रज्ञांचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी नीतीचा विचार आहे.

१९९५ साली ॲपल कंपनीचा पॉवर मॅकिन्टॉश ७५०० हा संगणक बाजारात आला. त्याचा १०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर वेगळ्या कार्डावर बसविलेला होता. ते काढून अधिक वेगवान कार्ड बसविले, की संगणकाला नवे आयुष्य लाभे. एवढ्यावर समाधान न झालेले हौशी लोक नव्या कार्डाचा वेगही निर्मात्याने घातलेल्या मर्यादेपलीकडे नेत.

वेगाबरोबर उष्णता वाढते. वेग टिकावा म्हणून विजेचा दाब वाढविला, तर ती त्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मग धातूच्या पात्या आणि पंखा बसवावा लागतो. पण पंखा कितीही मोठा असो, तो चिपला भोवतालच्या हवेहून थंड करू शकत नाही. हेदवीसारख्या समुद्रकाठच्या गावी वैशाखातल्या दुपारी हवाच तापलेली. शिवाय खारी, दमट हवा धातूला गंजविते. म्हणजे यंत्राची मर्यादा केवळ यंत्रात नसते. ते जेथे राहते तेथील हवापाण्यातही असते.

म्हणून मर्यादा ओलांडणे हे पापच, असे मात्र नव्हे. निर्माता मुळातच काही ताकद राखून ठेवतो. स्वतःच्या यंत्रावर ती अजमावणे हा निरुपद्रवी छंद आहे. परंतु अतिवेगाने शिणलेली चिप नेहमीच बंद पडत नाही. कधी ती चालूच राहते आणि मुकाट्याने चुकीचे उत्तर देते. त्या उत्तरावर दुसऱ्याचा हिशेब अवलंबून असेल, तर तेथे छंद संपतो आणि जबाबदारी सुरू होते. १९९० च्या दशकात चिपांवरील आकडे खोडून त्या अधिक वेगाच्या म्हणून विकणारेही होते. तो तर आठव्या आज्ञेचाच भंग होय.

शक्ती वाढविण्याचा दुसराही मार्ग आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक ट्रान्सप्युटर जोडून उभारला. पुढे ‘परम ८६००’ मध्ये ट्रान्सप्युटरांच्या जोडीला ‘आय-८६०’ हा अधिक समर्थ प्रोसेसर दिला गेला. एकालाच न पिळता ओझे वाटून घेतले.

कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात सुज्ञतेला सद्‌गुणांचा सारथी मानले आहे. चांगला सारथी घोडे पळवितो, पण त्यांचा दम राखून. शब्बाथाच्या आज्ञेतील विसावाही केवळ धन्यासाठी नाही. तो दासदासींना आणि गुराढोरांनाही आहे. आपल्या घरी मात्र शाळेनंतर शिकवणी, पाळीनंतर जादा पाळी, आणि आईच्या कामाला तर पाळीच नाही. राखून ठेवलेली ताकद आपण वाया गेलेली समजतो. शिणलेला माणूसही पुष्कळदा थांबत नाही. तो मुकाट्याने चुकत जातो.

येत्या रविवारी मिस्सा आटोपून घरी परतताना, कोणाच्या शिरावरचे कोणते ओझे आपण वाटून घेऊ शकतो, एवढे तरी प्रत्येकाने स्वतःला विचारावे.